पावलांची वाट

सात महिने बंद होतं घर,
कास्त्रोच्या खाडीत खांबांवर उभं,
भरतीला खाली पाणी, ओहोटीला चिखल.
कुलपात आधी तेल घातलं, मग शिव्या.

एक पाऊल आत. दुसरं.
आणि पांढऱ्या मोज्यांवर उडाले काळे ठिपके,
पाच, पंधरा,
पुढे मोजणं सोडलं.

शेजारची एदेल्मिरा उंबऱ्याबाहेरच थांबली.
म्हणाली, "नोल्बेर्तो, पिसवा आहेत.
कोशात झोपून राहतात महिनोन्‌महिने.
फळी हादरली, ऊब लागली
की त्यांना कळतं, आलं कुणीतरी."

आईला मातीत ठेवली तेव्हा
माझी बोट वादळापायी धक्क्यालाच बांधलेली होती.
तेव्हा या घरात माझी वाट बघणारं
कुणी उरलं असेल, तर ते हे.

बटाट्यांच्या टोपलीतून तिने आईचं मांजर आणलं,
सेनीसा. राखेच्या रंगाची. कानामागे खाजवून
कातडी उघडी पडलेली.
"फणी तिच्या खणात असेल बघ."
होती. तीच, आमच्या लिखा काढायची,
एक दात तुटलेली. तो मी तोडला, सहाव्या वर्षी,
आणि नाव बहिणीचं घेतलं.

आईने मला धरायची तसं
सेनीसाला गुडघ्यांत धरलं.
शेपटीच्या मुळापासून मानेपर्यंत फणी,
मग साबणाच्या पाण्यात झटका.
ओल्या कागदावर काळा भुगा पडला
आणि बघता बघता लाल झाला.
तिचंच रक्त, पिऊन टाकलेलं.

आबेलार्दो म्हणाला, माझ्या कुत्र्याचं औषध आहे,
अर्धी बाटली, फुकट.
दवाखान्यातल्या यास्नाने ते नाव ऐकून पेनच खाली ठेवलं :
"कुत्र्याला औषध ते मांजराला विष.
हे घ्या. थेंब मानेवर, दोन खांद्यांच्या मध्ये,
जिथे तिची जीभ पोचत नाही."
आपल्यालाही असते अशी एक जागा,
असं काहीतरी मला सुचलं.
मी पैसे दिले आणि निघालो.

चादरी उकळल्या. फटीफटीतून यंत्र फिरवलं,
पिशवी बांधून बाहेर नेली, रोजच्या रोज.
आईने विणलेलं लोकरीचं पांघरूण मात्र
उकळलं तर हातभर उरलं असतं.
ते एदेल्मिराच्या फ्रीजरमध्ये गेलं,
शिंपल्यांच्या पिशव्यांशेजारी.

रात्री जमिनीवर ताटली, पाण्यात साबण,
वर दिवा.
सकाळी एकेचाळीस. मग सव्वीस.
मग पुन्हा तीस, आणि मी यास्नाला फोन केला.

"कोशातल्या अजून निघताहेत," ती म्हणाली.
"झोपलेल्यांना औषध लागत नाही, त्यांना उठवावं लागतं.
घरभर चाला. प्रत्येक खोलीत.
जिथे कुणी जात नाही, तिथे जास्त."

जिथे कुणी जात नाही ती एकच खोली होती.

दोन दिवस मी स्वयंपाकघरातच येरझाऱ्या घातल्या,
जणू फळ्या तिकडे आपसूक हादरतील.
तिसऱ्या दिवशी दार ढकललं.
पलंग. खिडकीत तिचा चष्मा, काच खाली.
पाय आपटत चाललो, भिंतीपासून भिंतीपर्यंत,
असं चाललो असतो तर ती ओरडली असती,
घर काय पाण्यात पाडतोस, म्हणून.
घोट्यावर चावा बसला. मग दुसरा.
चावा, म्हटलं. उशीर झाला खरा,
पण आलोय.

नऊ. चार. एक.
आज ताटलीत नुसतंच पाणी.
सेनीसाने ते हुंगलं, शिंकली,
आणि आईच्या खुर्चीवर चढून बसली.
पांघरूण आणलंय परत. शिंपल्यांचा वास येतोय.
ती पंजांनी ते मळतेय, मळतेय,
आणि मी अजून, काही कारण नसताना,
सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारतो
झोपण्याआधी.